दोन डाव्या बाह्या

वाकडी शिवण बघूनही तिच्याबद्दल बोलले नाहीत, असा एकही दिवस आमच्या मास्तरांच्या आयुष्यात उगवला नसावा. कारंज्यात कापूस बाजाराच्या मागे, भाड्याच्या तीन खोल्यांत त्यांनी उद्योगशाळा काढली होती. एका खोलीत सुतारकाम, दुसरीत शिवण, आणि तिसरीत चित्रकला शिकवायला मी. पुस्तक नावाला नव्हतं. "हात शिकले पायजेत, डोस्कं मांगून येते," असं ते म्हणत. टोपीच्या अस्तरात चार सुया कायम खोचलेल्या. कुणी भेटलं की ते आधी त्याची कॉलर बघत, मग तोंड. केनवडच्या एका लग्नात घोड्यावरच्या नवरदेवाची कॉलर तिरपी दिसली, तर या गृहस्थांनी वरात थांबवून ती उसवली आणि तिथंच पुन्हा बसवली. मुहूर्त टळला, भटजी भडकले, आणि मास्तर व्याह्यांना समजावत होते, "मुहूर्त दुसरा भेटते. फोटोतली कॉलर जलमभर तशीच राह्यते."

नवरदेवाचं निभावलं. आमचं निभावायचं होतं ते तपासणीच्या दिवशी. शाळेला सरकारी मान्यता मिळते की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि गोदाबाईंचं सगळं त्याच मान्यतेवर अडलेलं. गोदाबाई म्हणजे गावाबाहेरच्या माळ्यांची विधवा सून. सकाळी भाजी विकून दुपारी शिवण शिकायला यायच्या. मुलींच्या शाळेत शिवणबाईंची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली होती. दाखला तेवढा मान्यता असलेल्या शाळेचा हवा होता. "दीर म्हनते, यंदा नोकरी नाई लागली तं शिवन सोडा अन् मळ्यात राबा," त्या मला म्हणाल्या होत्या.

तपासनीस साहेब आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "या बाईंना माझ्यासमोर पोलकं कापू द्या." कापड छापील चिटाचं, सुलट बाजू एकच, म्हणजे डावी बाही उलटून उजवीकडे लावायची सोय नाही. गोदाबाईंनी गळा कापला, पाठ कापली, बाह्या कापल्या, आणि कात्री थांबली. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब खिडकीतून टांग्याकडे बघत होते. त्यांना डावी-उजवी काही कळणार नव्हती. एवढ्यात मास्तर पुढं सरकले. मी मागून त्यांचा कोट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"गोदाबाई," ते शांतपणे म्हणाले, "दोनी बाह्या डाव्याच कापल्या तुमी."

साहेबांनी मान वळवली. "शिकवता तुम्हीच ना?"

"हो जी, मीच. आता त्या कशा निस्तरतात, थे पाहा."

गोदाबाईंनी उरलेले तुकडे जोडून उजवी बाही केली, जोड काखेत असा लपवला की शोधून सापडला नसता. पण साहेबांनी वही केव्हाच मिटली होती. ते बाही पाहायला थांबले नाहीत. महिन्याभरानं पत्र आलं: दर्जा समाधानकारक नाही.

"माह्या हातानं गेलं जी सारं," गोदाबाई म्हणाल्या.

"बाह्या तुमी कापल्या, बोललो मी," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडं काई दोष नाई."

मी मात्र त्यांच्यावर भयंकर चिडलो. आठ दिवस बोललो नाही, आणि पुढं कित्येक वर्षं संधी मिळेल तेव्हा ऐकवत राहिलो की तुमच्या तोंडानं एका बाईची भाकरी घालवली. ते ऐकून घेत. दोन वर्षांत शाळा बंद पडली. गोदाबाई मळ्यात गेल्या, त्या गेल्याच.

मास्तर शेवटच्या आजारात होते तेव्हा भेटायला गेलो. सगळा आटून गेलेला माणूस. आढ्याकडे बघत म्हणाले, "खरं सांगजो. त्या दिवशी मी बोललो नसतो, तं तिले नोकरी लागली असती काय?"

इतकी वर्षं मी त्यांना हेच तर सांगत आलो होतो.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "साहेबांनी येण्याआधीच ठरवलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. पटलं की नाही, कोण जाणे. पण माझं ते बोलणं त्यांनी उसवून पाहिलं नाही, एवढं खरं.