आरशात पाहावयाचे लंडन

"गाडी थांबव बापू. खाली मनोरा आहे."

रस्त्याच्या मधोमध धोतराचा काचा खोचलेले एक गृहस्थ दोन्ही हात वर करून उभे होते. गाडीवानाने बैल आवरले. तो खाली वाकून बघू लागला. मीही बघितले. धुळीत मोटेचा एक जाड नाडा पसरलेला होता. त्याला दुसरा नाडा बांधलेला होता, दुसऱ्याला कासरे, कासऱ्यांना आणखी कासरे. थोड्या थोड्या अंतरावर एकेक मूल दोरीवर पाय ठेवून उभे होते.

"कायचा मनोरा, मास्तर? मले तं नाडा दिसून राह्यला."

"पॅरिसचा लोखंडी मनोरा. बूड शाळेच्या दारात आहे, शेंडा तिकडे नाल्यापाशी."

"मंग उभा काहून नाही करत? गाडीले वाट तरी भेटन."

मुले हसली. गृहस्थही हसले. "उभा केला तर तुले त्याचा शेंडा दिसणार नाही," ते म्हणाले. "म्हणून आडवा केला. आता शेंड्यापासून चालत ये, म्हणजे केवढा आहे ते पायाले कळंल."

गाडीवान उतरला आणि खरोखरच नाल्याकडे गेला. दोरीच्या कडेने चालत तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "लय उंच बांधला बुवा," असे म्हणून त्याने गाडी शेतातून वळवून घेतली. मनोरा त्याने ओलांडला नाही.

मी त्या गाडीत ट्रंक आणि वळकटी घेऊन बसलो होतो. शिरपूरपासून तीन कोसांवरच्या त्या गावात दुय्यम शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. रस्त्यातले गृहस्थ म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, श्री. रामकृष्णपंत धोत्रे. आज ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे ते आपले धोत्रे मास्तर. आमची पहिली भेट अशी झाली.

मास्तरांच्या कार्याविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिले आहे. मी फक्त त्यांच्या एका पुस्तकाविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव 'युरोपातील राजधान्या : मुलांसाठी'. पुस्तक लहान आहे. ते लिहायला त्यांना नऊ वर्षे लागली. या नऊ वर्षांत ते अकोल्याच्या पुढे गेले नव्हते. शिरपूरच्या मंदिरात दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांच्यापैकी कोणाकडे इंग्रजी सचित्र मासिक असले, तर मास्तर ते दोन दिवसांसाठी मागून घेत, चित्र पातळ कागदावर गिरवत, मजकूर उतरवत आणि मासिक परत करत. असे करता करता एकेक राजधानी जमली.

पुस्तकातला प्रत्येक पाठ पोचण्यापासून सुरू होतो. शहराची लोकसंख्या शेवटी येते. आधी येते ते स्टेशन, मग रस्ता, मग पहिले जे उंच दिसेल ते. रोमच्या पाठात मास्तरांनी लिहिले आहे : "या देवळाचा घुमट इतका मोठा आहे की त्याखाली आपली शाळा, शाळेचे लिंबाचे झाड आणि झाडावरचे कावळे सुखाने राहतील." अथेन्सच्या पाठात टेकडीवरच्या पडक्या देवळाचे खांब आहेत, आणि ते मोजायला मुलांना शाळेसमोर रांगेत उभे केले आहे. बर्लिनच्या मोठ्या दरवाजाला त्यांनी वेस म्हटले आहे. वेस म्हटल्यावर मुलांना तो कळतो, कारण वेशीतून ती रोज जातात.

मास्तर साधे लिहितात. साहित्य शिकलेला माणूस म्हणून मी त्या हस्तलिखितात दोन-तीन ठिकाणी विशेषणे सुचवली होती. मास्तरांनी ती लक्षपूर्वक वाचली. मग विचारले, "हे 'भव्य' किती हातांचं आहे?" तेव्हापासून मी स्वतःच्या लिखाणातही तो शब्द वापरलेला नाही.

त्यांच्या स्वभावाविषयी एकच सांगतो. पहिल्याच वर्षी मला हिवतापाने महिनाभर अंथरुणावर ठेवले. मास्तर दोन्ही वर्ग एकटे घेत. मी परतलो तेव्हा माझा वर्ग पुढे गेला असेल आणि आपल्याला त्याला गाठावे लागेल अशी मला धास्ती होती. वर्ग मी सोडला त्याच पानावर होता. महिनाभर मास्तरांनी मागचेच पक्के करून घेतले होते. "वर्ग तुमचा आहे," ते म्हणाले. "मी फक्त राखण केली."

आता पुस्तकाच्या छपाईविषयी. चित्रांशिवाय हे पुस्तक व्यर्थ आहे असे मास्तरांचे मत होते, आणि चित्रांचे ठसे बाहेरून करवून घेणे शक्य नव्हते. गावात एक सुतार होते. ते रंगाऱ्यांसाठी लुगड्यांवरच्या फुलांचे लाकडी ठसे कोरून देत. त्यांचा हात अतिशय बारीक चाले. मास्तरांनी गिरवलेली चित्रे त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती सागाच्या फळ्यांवर जशीच्या तशी कोरली. ठसे अकोल्याला जाऊन परत आले, पुस्तक छापून आले, आसपासच्या शाळांत गेले. चित्रे सर्वांना आवडली. मग नागपूरच्या पुस्तक कमिटीकडे ते मंजुरीसाठी पाठवायचे ठरले. मंजुरी मिळाली तर वऱ्हाडातल्या प्रत्येक मराठी शाळेत ते पोचणार होते. त्यासाठी डिप्टीसाहेबांची, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची शिफारस लागत असे. तपासणीच्या दिवशी त्यांनी लंडनचा पाठ पाहायचे कबूल केले होते. मास्तरांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक आहे.

तपासणीला दोन दिवस राहिले होते. मुले ओट्यावर पुस्तक उघडून पाठ म्हणत होती. गावातले किसनजी मास्तरांकडून अर्ज लिहून घ्यायला आले आणि पायरीखाली उभे राहिले. त्यांच्या समाजाच्या मोठ्या माणसांनी पायरी चढायची नाही अशी तेव्हा रीत होती. गावात कोणी त्यांना 'जी' लावत नसे. मीही लावत नव्हतो. मास्तर लावत. किसनजी जर्मनच्या लढाईत खेचरे हाकायला गेले होते, एवढे गावाला माहीत होते. यापुढचे कोणी विचारले नव्हते.

ते वाकून पुस्तकाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "हे उलटं आहे."

मी म्हणालो, "पुस्तक सुलटच आहे, किसन."

"पुस्तक नाही जी. लंडन."

मास्तर टाक खाली ठेवून पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले. "तुम्ही पाह्यलं आहे?"

"पाह्यलं ना. पायात गोळी लागली तवा बिलायतेच्या दवाखान्यात होतो. बरा झालो तं एक दिवस आमाले मोटारीत बसवून लंडन दाखवाले नेलं. या नदीच्या अल्याड उतरवलं. समोर हा लांबचलांब वाडा. घड्याळाचा मनोरा उजव्या अंगाले, पूलही तिकडेच. तुमच्या पुस्तकात डाव्या अंगाले गेला."

"इतक्या वर्षांनी उजवं-डावं नक्की आठवतं?" हे मी विचारले.

"आठवते जी. माह्या उजव्या कानात तोफेनं दडा बसला होता. घड्याळाचा टोला पडला, सारे मान वर करून आयकून राह्यले, अन् मले काहीच नाही. बाजूचा शीख मले म्हणे, भाई, बहरा है क्या? मंग मी पुरा वळलो, डावा कान तिकडे केला, तवा आयकू आला. मनोरा डाव्या अंगाले असता तं मले कायले वळा लागलं असतं?"

मास्तर उठले. कपाटातून लंडनचा ठसा काढून त्यांनी तो छापील पानाशेजारी धरला. लाकडावर मनोरा उजवीकडे होता. कागदावर डावीकडे.

चूक इतकी साधी होती. ठसा कागदावर उमटताना बाजू बदलतात, म्हणून तो उलटा कोरावा लागतो. सुतारांना हे कधी लागले नव्हते. त्यांनी जन्मभर फुले कोरली होती, आणि फूल कोणत्याही बाजूने फूलच असते. मास्तरांनी ज्या मासिकातून चित्र गिरवले ते केव्हाच परत गेले होते. पुस्तक करणाऱ्यांपैकी कोणीच लंडन पाहिलेले नव्हते.

मास्तरांनी सगळे ठसे ओट्यावर मांडले आणि एकेक तपासला. पॅरिसचा मनोरा दोन्ही बाजूंनी सारखा, तो वाचला. बर्लिनची वेस वाचली. लंडन, व्हिएन्ना आणि रोमचे पडके गोल क्रीडागार उलटे छापले गेले होते.

"किसनजी," मास्तर म्हणाले, "तुमचे उपकार झाले."

मुले घरी गेल्यावर मी बोललो. ते मला आज लिहायला बरे वाटत नाही, पण बोललो होतो. "मास्तर, परवा तपासणी आहे. हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. एकदा शिफारस होऊ द्या, पुढच्या आवृत्तीत ठसे बदलू."

"परवा मुलांना काय शिकवायचं?"

"पुस्तकात आहे तेच."

"ते आता मला येणार नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला चूक सांगितली आणि घरून आरसे आणायला सांगितले. यावरून गावात बरीच करमणूक झाली. एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, आमची माय म्हणे, मास्तरले या वयात नटायची हौस आली काय?" मास्तर म्हणाले, "मायले सांग, हो. आरसा मात्र आण."

तपासणीच्या दिवशी डिप्टीसाहेब वर्गात आले तेव्हा प्रत्येक मूल एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात आरसा धरून बसले होते. टेबलाजवळच्या खुर्चीवर स्वच्छ फेटा बांधून किसनजी बसले होते. ते आधी बसायला तयार नव्हते. "मास्तर, गाव काय म्हणन?" असे त्यांनी दोनदा विचारले होते. गावातले चार प्रतिष्ठित दाराशी उभे होते आणि ते काय म्हणतात हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. मास्तरांनी खुर्ची हलवली नाही.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारले.

"चित्र उलटं छापलं गेलं आहे, साहेब. आरशात सुलट दिसतं. चूक माझी आहे. छापण्याआधी मी तपासायला हवं होतं."

"कोणी दाखवली?"

"यांनी."

साहेबांनी किसनजींकडे पाहिले. "हे कोण?"

"हे लंडन पाहून आलेले आहेत."

"लढाईत खेचरं हाकत होतो जी," किसनजी उभे राहून म्हणाले.

साहेब थोडे हसले. "मास्तर, खेचरवाल्याच्या साक्षीवर तुम्ही स्वतःचं पुस्तक मोडीत काढता?"

मास्तर काही बोलण्याआधी किसनजी बोलले. "साहेब, तुमी गेल्ते काय लंडनले?"

"नाही."

"मास्तरही नाही गेल्ते. पण मास्तरनं मले इचारलं."

साहेबांनी एका मुलीच्या हातातला आरसा घेतला, पानासमोर धरला आणि बराच वेळ पाहिले. मग तिला विचारले, "मनोरा कोणत्या बाजूला?" ती म्हणाली, "पुस्तकात डाव्या, खरा उजव्या." पाठ पुढे चालला. मुलांनी सारे सांगितले. नदी, पूल, मनोऱ्याचे चारी बाजूंचे घड्याळ. मनोरा रस्त्यावर आडवा केला तर शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत पोचतो हेही सांगितले. मग किसनजींनी टोल्याची गोष्ट सांगितली आणि ती सांगताना वर्गात खरोखर पुरे वळून दाखवले. साहेबही हसले.

निघताना त्यांनी पुस्तक मास्तरांच्या हातात परत दिले. "इतका चांगला पाठ मी या तालुक्यात पाहिला नाही," ते म्हणाले. "पण सदोष पुस्तकाची शिफारस मला करता येणार नाही. दोष तुम्ही सांगितला नसता तर मला कळला नसता. आता कळला आहे."

त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. मास्तरांनी मान डोलावली आणि त्यांना गाडीपर्यंत पोचवले.

पुढे ठसे नवे झाले. पण तोवर साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांना युरोपपेक्षा तालुक्याचा भूगोल महत्त्वाचा वाटला. पुस्तक मंजूर झाले नाही. आजही झालेले नाही. गौरवग्रंथात यशाच्या गोष्टी सांगाव्यात असा संकेत आहे. मी ही गोष्ट निवडली, कारण चोवीस वर्षांच्या माझ्या नोकरीत जिचे नाव सांगताना मान आपोआप ताठ होते ती शाळा ही, आणि त्याचे कारण तो दिवस.

सध्या युरोपात पुन्हा लढाई पेटली आहे, आणि त्या पुस्तकातली नावे वर्तमानपत्रात रोज वेगळ्या कारणाने येतात. जुने विद्यार्थी, आता मोठे बाप्ये झालेले, मास्तरांच्या ओट्यावर येऊन विचारतात, "मास्तर, लंडनचा थो मनोरा उभा आहे ना?" मास्तर वर्तमानपत्र पाहून सांगतात, "या अंकाप्रमाणे उभा आहे." त्यापेक्षा अधिक सांगत नाहीत, कारण अधिक त्यांना ठाऊक नसते.

मास्तरांचे डोळे असेच बारीक अक्षर वाचत राहोत. त्यांचे गुडघे त्यांना कोसभर चालू देत. त्यांना इतकी वर्षे मिळोत की ही शहरे पुन्हा फक्त भूगोलाच्या तासाला आठवावीत, आणि तो तास त्यांनीच घ्यावा. आपण सर्वजण त्या वर्गात बसू.

त्या तपासणीचे एवढेच सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी शाळा माझ्याकडे सोपवली, दौत आणि टाक पिशवीत ठेवला आणि ते पायी शिरपूरला निघाले. तिथल्या शाळेत पुस्तकाच्या अकरा प्रती होत्या. प्रत्येक प्रतीत लंडन, व्हिएन्ना आणि रोम यांच्या चित्रांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले : "हे चित्र आरशात पाहावे."