शीळ न घालणाऱ्या बायका

मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून दोनदा रत्नागिरीला यायचे. कान-नाक-घशाचे मोठे तज्ज्ञ. चेहऱ्याची नस लुळी पडून ज्यांचं तोंड वाकडं होतं, त्यांच्यावर त्यांचं संशोधन चालू होतं आणि त्यांचे फॉर्म भरायला मी होते. ऐंशीनंतरची ही गोष्ट. आमच्या घरातली मी पहिली बी.एस्सी. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इंग्रजी वाचता येतं ना?" मी म्हटलं, "लिहिताही येतं." पुढे दोन वर्षं त्यांनी माझं अक्षर वापरलं, डोकं नाही.

फॉर्मवर चार गोष्टी असायच्या. कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, शीळ घाला. पुरुष सगळं करायचे. बायका आठ्या घालायच्या, डोळेही मिटायच्या. दात दाखवा म्हटलं की पदर तोंडावर. शीळ म्हटलं की मान खाली. डॉक्टर मला सांगायचे, "लिहा, शून्य." बायकांची तोंडाकडची नस उशिरा सुधारते, असा शोध त्यांनी लावला होता. कुठल्याशा परिषदेत तो वाचूनही आले होते.

मी एकदा म्हटलं, "सर, त्या लाजतात."

"बाई, नस लाजत नाही."

असल्या वाक्यांवर ते स्वतःच खूश व्हायचे.

मग लांज्याची एक बाई तिसऱ्यांदा आली. काजूच्या कारखान्यात कामाला होती. बाहेर व्हरांड्यात जावेशी हसताना मी तिला पाहिलं होतं, ओठांची दोन्ही टोकं सारखी वर. आत आल्यावर पुन्हा शून्य, शून्य. डॉक्टर म्हणाले, "हिला मुंबईला पाठवू. कानामागचं हाड कोरून नस मोकळी करावी लागेल." सासऱ्याला बोलावलं. तो हात जोडून, "तुमी सांगाल तसा, सायब." अंगठा द्यायला तयार. बरी झालेली बाई, आणि हे तिचं हाड कोरणार!

सासऱ्याला मी बाहेर बसवलं. तिला म्हटलं, "घाल एकदा शीळ. कोणी नाही इथे."

"बाय माझे, सायब हाय ना! मी काय गुरं राखणारा पोर हाय शीळ घालाया?"

"बरं. चूल पेटत नाही तेव्हा काय करतेस?"

"फुकतंय. दुसरा काय करनार?"

"मग फुंक. फुंकणी हरवलीय समज."

तिने ओठांचा चंबू केला आणि अशी फुंकर मारली की टेबलावरचे डॉक्टरांचे कागद उडून जमिनीवर गेले. चंबू अगदी गोल, मधोमध. ती स्वतःच खुदकन हसली, पदर घ्यायचं विसरून.

डॉक्टर कागद गोळा करत म्हणाले, "फुंकर आपल्या फॉर्ममध्ये नाही."

"तोंड तर आहे ना, सर?"

त्यांनी कागदांवर पेपरवेट ठेवला. मग म्हणाले, "ही केस वगळा."

"आणि आधीच्या बायका?"

"त्यांचं आता लिहून झालंय."

एवढा शिकलेला माणूस! मी त्यांच्यासमोर फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि बाहेर येऊन सासऱ्याला सांगितलं, "ऑपरेशन नको. सून बरी आहे तुमची."

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "सायबांना इचारून सांग गो, बाय."

"मामंजी, उठा," सून म्हणाली. "गाडी चुकंल." आणि ती पुढे चालूही लागली.