अल्लीपूरचा लाल ठिपका

“ढोके, ते अल्लीपूर उडवा. नकाशा लगेच स्वच्छ होईल,” साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

स्क्रीनवर अख्खा विदर्भ हिरवा-निळा दिसत होता. फक्त वर्धा जिल्ह्यात, अल्लीपूरभोवती, एक लाल ठिपका. लाल म्हणजे कमी पाऊस. नव्वदच्या दशकाची अखेर होती. पावसाचे कॉम्प्युटरवरचे नकाशे तेव्हा नवे होते. वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात ते मी बनवायचो. कमी पावसाच्या गावांसाठी असलेल्या कोरडवाहू योजनेत कोणती गावं घ्यायची, ते या नकाशावरून ठरणार होतं.

पाऊस मोजायचं रेनगेज काही प्रत्येक गावात नसतं. मधल्या गावांचा पाऊस मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरमधलं गणित, आजूबाजूच्या रेनगेज असलेल्या केंद्रांवरून काढतं. जवळच्या केंद्राला वजन जास्त, लांबच्याला कमी. अल्लीपूर उडवलं, की तिथला पाऊस शेजाऱ्यांवरून भरला जाणार. एका क्लिकचं काम.

“थांब जरा,” मेश्राम मॅडम म्हणाल्या. नकाशावर शेवटची सही त्यांची असायची. “आधी पवनारचा आकडा लपव.”

मी लपवला. मॉडेलनं बाकीच्यांवरून पवनारचा अंदाज काढला. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ. मग सेवाग्राम लपवलं. तेही जवळ. मग अल्लीपूर. अंदाज खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आला.

“बघा! केंद्रच चुकतंय,” साहेब म्हणाले.

“किंवा आपलं मॉडेल चुकतंय, सर,” मॅडम म्हणाल्या. “तिथं गेल्याशिवाय कसं कळणार?”

“वरून सारखे फोन येताहेत. आणि तुमच्या प्रमोशनची फाईलही वरच आहे, मॅडम.”

“असू द्या. न बघता मी सही करणार नाही.”

मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. साहेब केबिनमध्ये निघून गेले.

आम्ही जीपनं अल्लीपूरला गेलो. रेनगेज मोकळ्या जागेत, सरळ उभं होतं. मॅडमनी मोजून पाणी ओतलं, मोजून काढलं. गळती नाही. पण एकाच साक्षीदारावर निकाल द्यायला त्या तयार नव्हत्या. आजूबाजूच्या दोन शेतांत त्यांनी आणखी दोन रेनगेज बसवून घेतली. एक शेत गावातल्या शांताबाईंचं होतं; त्या बघत उभ्या होत्या.

“मॅडम, हे काऊन लावून राह्यल्या?”

“तुमच्याकडे खरंच किती पाऊस पडतो ते बघायला.”

“आभाळ तं रोजच येते. पन वर्ध्यावर पडते अन् आमच्यावरून निंगून जाते. कागदावर मातर आमीबी भिजलेले!”

मॅडम खळखळून हसल्या.

तो सगळा पावसाळा त्या अल्लीपूरला जात राहिल्या. ऑफिसनं जीप दिली नाही, तेव्हा एसटीनं. दोन्ही नव्या रेनगेजनी जुन्याचीच री ओढली. तो कोरडेपणा खरा होता. नवे आकडे घालून मी नकाशा पुन्हा केला, तेव्हा ठिपक्याचा लांबट पट्टा झाला. अल्लीपूर तर योजनेत आलंच, शेजारची गावंही आली.

साहेब स्वतः प्रिंट घेऊन मॅडमच्या टेबलाशी आले. “आता कराल सही?”

मॅडमनी केली. वरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तोच पट्टा छातीठोकपणे मांडला. मॅडमचं प्रमोशन मात्र रेंगाळलं. आलं तेव्हा त्यांनी ऑफिसभर पेढे वाटले.

पुढे माझ्या हाताखाली नवी माणसं आली. त्यांना मी एवढंच सांगायचो, कॉम्प्युटर नकाशात रिकामी जागा ठेवत नाही. ती कशानं भरली, हे विचारायचा पगार आपल्याला मिळतो.