सलालाहमध्ये अंगारकी

माझी आई सलालाहमध्ये भर दुपारी हरवली, आणि त्याच्या दहाच मिनिटं आधी मी तिच्यावर ओरडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना मी स्वतःला शहाणी ठरवायचा प्रयत्न करणार. तो माझा स्वभावच आहे.

मी मस्कतला, अल् खुवैरमध्ये, चौदा वर्षं राहतेय. इतक्या वर्षांत सलालाह पाहिलं नव्हतं. ऑफिसातले सगळे दर पावसाळ्यात गाड्या काढून तिकडे जायचे आणि परत येऊन धुक्याचे फोटो दाखवायचे. आमचं मात्र दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की'. शेवटी आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली तेव्हा ठरवलं की आता जहाजानेच जायचं. दुबईहून निघणारं, मस्कतला आणि सलालाहला थांबणारं जहाज. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच. आई चौऱ्याहत्तरची, गुडघे बरे, नजर चांगली, फक्त साखर. तिच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मी स्वतः भरली होती आणि रोज सकाळी मी समोर उभी राहून तिला गोळी गिळायला लावत होते.

सलालाहला जहाज सकाळी लागलं. साडेचारच्या आत परत या, असं तीनतीनदा सांगत होते. जहाजाच्या बसने जाणाऱ्यांची रांग लागली होती. मी म्हटलं, आपल्याला काय गरज? मी काय टूरिस्ट आहे? मला अरबीचे दहा-बारा शब्द येतात, आणि उरलेलं काम हिंदीत होतं. आई म्हणाली, "सगळ्यांबरोबर गेलो तर बरं होईल." मी म्हटलं, "तू फक्त माझ्याबरोबर चल."

नाश्त्याचं विचारलं तर म्हणाली, "माझं कधीच झालं, तू झोपली होतीस तेव्हा." ती पाचला उठते, वर डेकवर एकटी फिरून येते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोळी तिने पाण्याबरोबर घेतली. मी पाहिलं.

बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत. फाटकापर्यंत बंदराच्या बसने सोडलं, तिथून टॅक्सी केली. गाव बंदरापासून बरंच लांब आहे. वाटेत आईने विचारलं, "इथे चंद्र किती वाजता उगवतो गं?" मी म्हटलं, "आई, सूर्य डोक्यावर आलाय, चंद्राचं काय?" ड्रायव्हर हसला. आईही हसली, आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

त्या प्रश्नाकडे मी जरा लक्ष दिलं असतं तर! पण जहाजावर वार-तिथीचं भानच राहत नाही. आज मस्कत, उद्या समुद्र, परवा सलालाह, एवढंच. त्या दिवशी मंगळवार होता आणि संकष्टी होती, म्हणजे अंगारकी. माझ्या घरात पंचांगाचं कॅलेंडर नाही. आई मात्र पुण्याहून निघतानाच सगळ्या चतुर्थ्या एका चिठ्ठीवर लिहून आणते. एरवीच्या संकष्टीला ती साबुदाणा खाते, फळं खाते. अंगारकीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आणि गोळी? गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, शिवाय मुलगी समोर उभी. म्हणून पोटात अन्नाचा कण नसताना तिने साखर उतरवायची गोळी घेतली होती.

लोबानाच्या, म्हणजे धुपाच्या, बाजारात आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारोदार लोबान जळत होता, सगळ्या गल्लीला त्याचा वास. आई एरवी अशा ठिकाणी लहान मुलीसारखी होते, प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघते. त्या दिवशी ती मागे मागे राहत होती. मी थांबायचे, ती यायची, मी चालायचे, ती पुन्हा मागे. एकदा म्हणाली, "गॅस बंद केला होतास ना?" मी म्हटलं, "कुठला गॅस? आपण जहाजावर आहोत." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिच्या कपाळावर घाम होता. फेब्रुवारीतली हवा, समुद्राचा वारा, मला जराही उकडत नव्हतं, आणि तिला घाम. मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, चालायची सवय नाही, दुसरं काय.

कोपऱ्यावर शहाळ्यांची गाडी होती. मी दोन फोडायला सांगितली. आईने आपलं शहाळं हातानेच ढकललं.

"नको म्हटलं ना!"

"अगं, शहाळंच आहे. बघ किती घाम आलाय."

"मला घरी जायचंय."

हे ती इतक्या चिडून बोलली की गाडीवाला बघायला लागला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी ओरडते. "एवढा खर्च करून, एवढी रजा टाकून आणलंय तुला. सकाळपासून तोंड पाडून चालतेयस. बस मग इथेच, काही बघू नकोस!" समोरच्या दुकानाबाहेर बाक होता. त्यावर तिला बसवलं आणि मी तरातरा आत शिरले. दुकानदार लोबानाचे खडे उजेडात धरून प्रती समजावत होता, हिरवट झाक तो उत्तम, पिवळा तो मधला. मी मुद्दाम वेळ काढला. बसू दे, म्हटलं, जरा राग उतरू दे. राग कुणाचा, तिचा की माझा, ते मी ठरवलं नव्हतं.

बाहेर आले तर बाक रिकामा.

आधी मला रागच आला. मग गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून आले. मग फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेजारच्या दुकानातली बाई लोबानाच्या धुरामागून मान हलवत म्हणाली, नाही पाहिलं. तिचा घाम, तो गॅसचा प्रश्न, ते ढकललेलं शहाळं, सगळं एकदम समोर आलं आणि कळलं की ही चिडलेली नव्हती. हिची साखर उतरली होती. माझ्या आत्याला असंच झालं होतं. ती दुपारी झोपली आहे असं घरचे समजले आणि ती उठलीच नाही. हे मला माहीत होतं. डबी भरताना माहीत होतं, आणि घाम बघताना मात्र आठवलं नाही.

मी पळत सुटले. पन्नाशीची बाई, गळ्यात जहाजाचं कार्ड, बाजारातून पळतेय. समोर दिसेल त्याला विचारत होते, "बूढ़ी औरत, साड़ी, सफ़ेद बाल?" माझे दहा-बारा अरबी शब्द कुठल्या कुठे गेले. 'आई'ला अरबीत काय म्हणतात तेही आठवेना. रस्ता ओलांडून समुद्रापर्यंत गेले. किनाऱ्यावर कुणी नव्हतं, आणि कुणी नाही हे पाहून जास्तच भीती वाटली, कारण लाटा मोठ्या होत्या. इतकी भीती मला आधी कधीच वाटली नव्हती. मी गणपतीला म्हटलं, आता हिला काही झालं तर मी जन्मात तुझं तोंड बघणार नाही. मी धमकी देत होते. प्रार्थनासुद्धा मला नीट जमत नाही.

रस्ता झाडणाऱ्या एका बांगलादेशी माणसाने झाडूने दाखवलं. साडीवाली बाई तिकडे, बागेत गेली.

बाजारामागे नारळाच्या बागा आहेत. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना माड, मध्येच केळी, पपया, पाण्याचा पाट. आईचं माहेर दापोलीकडचं. तिला घरी जायचं होतं आणि समोर माड दिसले, तेव्हा ती निघाली असणार. ते मला आत्ता सुचतंय. त्या वेळी मी फक्त ओरडत धावत होते, "आई! आई!"

वाटेच्या वळणावर फळांचं एक लहान दुकान होतं. केळीचे घड टांगलेले, त्यांच्याखाली चटई. चटईवर माझी आई होती. तोंड पांढरंफटक, साडी घामाने अंगाला चिकटलेली, डोळे उघडे पण माझ्याकडे न बघणारे. डोक्याला रुमाल बांधलेली साठीची एक बाई तिला पाठीशी धरून बसली होती, आणि तिचा नवरा शहाळ्याच्या पाण्यात चमचे भरभरून साखर ढवळत होता.

"तुजी आय हाय ना ही?" बाई म्हणाली. मराठी ऐकून मला रडू फुटलं. "साखर उतारली हाय तिची. मी वळखलाय. माजी सासू रोज्यात अशीच पडली व्हती. पन ही तोंड उघाडत नाय. चतुर्थी हाय म्हनते."

त्या एका वाक्यात मला सकाळपासूनचं सगळं कळलं.

मी आईसमोर गुडघ्यांवर बसले. पेला तिच्या ओठांना लावला. तिने दात घट्ट आवळले. मी म्हटलं, "आई, पी." मग जोरात म्हटलं. मग मी अक्षरशः किंचाळले, "आई, तोंड उघड! मरशील!" तिने मान फिरवली आणि त्या परक्या बाईच्या खांद्यात तोंड लपवलं. पाणी तिच्या हनुवटीवरून खाली सांडलं. तिची मान एका बाजूला पडायला लागली होती. आता ही बेशुद्ध होणार आणि मग तोंडातून काही देताही येणार नाही, एवढं मला कळत होतं.

बाईने माझ्या हातातून पेला काढून घेतला. "वरडू नको गो. तू जरा मागं हो." मग तिने आईच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, आपल्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "चंद्र दिसला गो बाय. उगावला. आता सोड."

भर दुपारचं ऊन होतं. आईने मान वर केली. माडांच्या शेंड्यांमधून तिने कुठे पाहिलं कोण जाणे. दोन्ही हात जोडले, कपाळापर्यंत नेले, आणि तोंड उघडलं.

घोट घोट करत अर्धा पेला गेला. मग केळं. मग पुन्हा पाणी. दहा-पंधरा मिनिटं आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. हळूहळू ओठांवर रंग आला. तिने आधी साडीचा पदर सारखा केला, मग चटईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लगेच नजर खाली घातली.

त्या नवरा-बायकोने दुकान तसंच टाकलं आणि आम्हाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ती दोघं रत्नागिरीकडची, तीस वर्षं इथेच. डॉक्टर मल्याळी होता. त्याने साखर पाहिली, सलाईन लावलं आणि सांगितलं की या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा घसरेल, उद्या सकाळपर्यंत हिला सोडता येणार नाही. मी जहाजाला फोन केला. आमचे पासपोर्ट आणि बॅगा बंदरातल्या एजंटकडे ठेवतो म्हणाले. जहाज गेलं. सबंध दिवस ज्या साडेचारची मला धास्ती होती ते साडेचार कधी वाजले हे मला कळलंही नाही.

ती बाई निघाली तेव्हा मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "तिच्या पर्समध्ये फोन होता हो. मी सारखी लावत होते. तुम्ही तरी उचलायचा होतात."

ती जरा घुटमळली. "मी काढलेला गो. वाजत व्हता तवा. तिनं माजा हात धरला." मग तिने माझ्याकडे न बघता, कॉरिडॉरमधल्या खुर्च्यांकडे बघत सांगितलं, "म्हनली, नको उचलू. माजी लेक हाय, ती वरडंल."

ती गेली. मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. बाजारात वाटली त्याहून ही भीती वेगळी होती. तिथे निदान पळता येत होतं. माझी आई मरणाच्या दारात होती, स्वतःचं घर कुठे आहे ते विसरली होती, गॅस, जहाज, दिवस, सगळं विसरली होती, आणि एवढं एक तिच्या लक्षात होतं.

आत गेले. सलाईनचा हात चादरीवर ठेवून ती जागी होती. मी स्टूल ओढून बसले, तिचा दुसरा हात हातात घेतला. ती छताकडे बघत होती. मग विचारलं, "रागावलीस?"

"नाही!" मी म्हटलं. इतक्या जोरात, की तिने हात काढून घेतला.