अमेरिकेत कोण येणार, हे मी काकांना सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. रूममेटला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — तुम्ही काकूंना ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

मी टोकियोत राज्यशास्त्र शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा मुलाला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. गावी शेजारी लाइट बिल वाचायला आणायचे, औषधाची पट्टी दाखवायचे. एकदा तर म्हैस गाभण आहे का, हेही विचारलं — आणि मी उत्तर दिलं! चुकलं. पण ती कबुली वेगळी.

इथेच टोकियोत, फुनाबोरी भागात, आमच्याच तालुक्यातले जाधव काका-काकू राहतात. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवतो. बाकी आठवडा, मी पार्टटाइम करतो त्या कोनबिनीतला — चोवीस तास उघड्या दुकानातला — थंड भातगोळा.

काका शहरातच तोयोसुला आयटीत आहेत. कंपनीने त्यांना न्यू जर्सीला बदली देऊ केली — काकूंची धाकटी बहीण राहते तिथेच. काकू हरखून गेल्या. काका मात्र धास्तावले. तिकडे निवडणूक तोंडावर आलेली. नवं सरकार व्हिसाचं काय करेल, कोण जाणे.

"दत्ता, तू हेच शिकतोस ना? कोण येणार, सांग बघू."

खरं सांगू? मी ट्रेनमध्ये अमेरिकेतल्या राजकीय पंडितांचे व्हिडिओ बघतो. एक जण बोट नाचवत सांगतो, हेच येणार. दुसरा टाय सावरत सांगतो, तेच येणार. मागच्या वेळी दोघंही चुकले होते, पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. मला त्यातलं काय कळलं होतं? काहीच नाही.

तेवढ्यात काकूंनी ताटात आणखी एक भरलं वांगं वाढलं. आणि मनात आलं — हे गेले, तर रविवारी मी कुठे जाऊ?

मग मी... माझ्या पोटाच्या बाजूने बोलणारा पंडित निवडला. जरा थांबलो. टाय नव्हता, कॉलर सावरली. "काका, सगळं तीन-चार राज्यांवर आहे." ती राज्यं नकाशात कुठे आहेत, देव जाणे! "वारं कडक सरकारच्या बाजूने आहे. व्हिसाचे हाल होतील. जाऊ नका."

काकांनी सोमवारी नकार कळवला. "शिकलेलं पोरगं हाताशी असलं की बरं," म्हणाले. काकू कुकरचं झाकण उघडून आत बघत राहिल्या.

निवडणूक अजून व्हायचीच आहे. माझा पंडित परवापासून चक्क उलट बोलू लागलाय. शिवाय कंपनीतली तिकडची जागा अजून भरलेली नाही, हे काकांकडूनच कळलं. म्हणून गेल्या रविवारी सगळं सांगून टाकायचं ठरवून लवकर गेलो. काकू बहिणीशी व्हिडिओ कॉलवर होत्या. बहिणीने काका-काकूंसाठी वरची खोली रिकामी करून ठेवली होती. आता ती भाड्याने द्यावी का, असं चाललं होतं.

"थांब, दत्ता आलाय. त्यालाच विचार." काकूंनी फोन माझ्याकडे वळवला.

"काय रे, ताईचं जमणारच नाही का? निवडणुकीनंतरसुद्धा? नक्की?"

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं.

"नक्की, मावशी," म्हणालो. "देऊन टाका भाड्याने."