माझा जुना फोन बघून हसलेला मुलगा

मंडळी, आज आमच्या आंबवड्यात मला बघायला भोंगवलीचे पाहुणे आले होते. मुलगा पुण्यात कंपनीत आहे.

पोहे झाले आणि माझा फोन वाजला. पाच वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात भोरला नवी बॅटरी टाकून आणली, आता मस्त चालतो.

मुलगा हसला. "अजून हाच वापरता? मी दरवर्षी नवा घेतो."

"मग जुन्यांचं काय करता?"

"पडलेत कपाटात. चालू आहेत, पण कंटाळा येतो ना."

एवढ्यात त्याच्या आईचा फोन वाजला. बटणांचा, आकडे पुसलेले, मागचं झाकण रबराने बांधलेलं. काकूंनी तो माझ्यापुढं धरला. "बघ गं पोरी, कुणाचा हाय? मला नीट दिसत न्हाई."

मी मुलाकडे बघितलं. म्हणतो कसा, "तिला काय करायचाय मोठा फोन?"

कपाटात चालू फोन धूळ खातायत, आई आकडे चाचपतेय, आणि हे महाशय माझ्या फोनला हसतायत.

मी नकार कळवलाय. मध्यस्थ मामा मघापासून कारण विचारतायत. तुम्हीच सांगा, चालू वस्तूचा वर्षात कंटाळा येणाऱ्याला बायको किती दिवस पुरली असती?