मामांचा बोटभर उशीर

आपल्याला किती उशीर झाला हे मोजून सांगणारा माणूस माझ्या मामांखेरीज जगात दुसरा झाला नसेल. चाकणच्या कांदाबाजारात ते मापाडी होते. लोकांचा माल झटपट तोलून देत. स्वतःचं काम समोर आलं, की मात्र त्या कामाच्या नावाने एक कांदा निवडत आणि कुरुळीच्या घरी खिडकीत, करवंटीत ठेवून देत. त्याला कोंब फुटला की बोटांनी मोजत. कौलं बसवणं दोन बोटं लांबलं, विहिरीचा दोर चार बोटं. दुपारचं ऊन खिडकीत उतरलं, की मामांची न झालेली कामं हिरवीगार होऊन वाऱ्यावर डुलत. ते बघताना मलाही वाटे, कामं करूच नयेत, नुसती वाढू द्यावीत.

"अवो, मोजताय काय? चढा की वर!" मामी म्हणे.

"चढतो गं. अजून दीडच बोट झालंय."

एकदा मामीने चिडून कौलांचा कांदा पिठल्यात चिरला. मामा ताटाकडे बघत म्हणाले, "चला, एक काम संपलं." छप्पर गळतच राहिलं.

मी चौथी पास झाले, तेव्हा एक कांदा माझ्या नावाने बसला. पाचवीला चाकणला जायचं होतं आणि वडिलांना विचारायची माझी छाती नव्हती. मामा म्हणाले, "म्या बोलतो दाजींशी." मी रोज कोंब बघून यायची. शाळा उघडली तेव्हा तो बोटभर होता. पुढे मामांनी तो परसात लावला. थंडी सरताना त्याला पांढरा गोंडा आला, आणि त्या दिवशी मामा आमच्या ओसरीवर आले.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "पाव्हणं, शाळा उघडताना बोलला असता, तर धाडली असती की. आता थोरलीचं लगीन ठरलंय. हिची आय रानात जाती. घर कोण बघंल?"

मामांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कौलं बसवली, दोर बदलला. खिडकी रिकामी झाली. "ह्यांना बरं न्हाई वाटतं," मामी घाबरून म्हणाली.

पुढे ते माझी नजर चुकवत. माझा राग नाही, होता तो कधीच विरला, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मामा गेले.

काल कांदे निवडताना एकाला कोंब दिसला. चिरला नाही. खिडकीत ठेवलाय.